वाघोलीचा निळा स्फटिक

दौंड तालुक्यातील वरवंड असो की शिरूरकडचे एखादे गाव असो, विहीर खणणाऱ्या माणसांना खडकाचे थर तोंडपाठ असतात. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याच्याही खाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा, बराचसा ठिसूळ आणि पाणी धरून ठेवणारा खडक. विहिरीच्या काठावर टाकलेल्या ढिगाऱ्यात या मांजऱ्याचे तुकडे उन्हात चमकतात. मुले त्यांना गारा किंवा गारगोट्या म्हणतात, चार दिवस खिशात बाळगतात आणि फेकून देतात.

पाठ्यपुस्तकात या खडकाविषयी सहसा दोनच ओळी असतात: महाराष्ट्राचे पठार लाव्हापासून बनले आहे; हा खडक बेसाल्ट होय. त्यामुळे आपल्याकडचा दगड म्हणजे सगळीकडे सारखाच, काळा आणि कंटाळवाणा, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसतो. दुर्मिळ खनिजे म्हटली की त्यांना दूरचे प्रदेश आठवतात. युरेनियमची पिवळीधमक, अंधारात जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकणारी खनिजे पुस्तकातल्या चित्रात पाहिली, की "सर, आपल्याकडे असले काही सापडत नाही का?" हा प्रश्न हमखास येतो.

उत्तर असे आहे: युरेनियमची तशी खनिजे आपल्या काळ्या खडकात सापडत नाहीत, पण त्यांच्याच पद्धतीने घडलेले आणि त्यांच्यापैकी कित्येकांहून दुर्मिळ असे एक निळे खनिज वरवंडच्या वायव्येला, पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीत सापडते. त्याचे नाव कॅव्हन्साइट. त्याचे जगातले सर्वोत्तम नमुने याच गावच्या दगडखाणींतून निघाले आहेत. ते कसे घडले आणि माणसाच्या नजरेस कसे पडले, या दोन्ही गोष्टी वर्गात सांगण्याजोग्या आहेत.

दुय्यम खनिज म्हणजे काय?

लाव्हा थंड होताना त्यातून जी खनिजे थेट तयार होतात ती प्राथमिक खनिजे. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार, पायरोक्सिन आणि लोहाची चुंबकीय ऑक्साइडे ही मुख्य. पुढे पाणी आणि हवा या खडकात शिरतात, काही घटक विरघळवून घेतात आणि दुसरीकडे नेऊन ठेवतात. अशा रीतीने जुन्या खनिजांच्या मालमसाल्यातून जी नवी खनिजे बनतात ती दुय्यम खनिजे. जुना वाडा उतरवून त्याच्याच लाकडा-विटांतून नवे घर बांधावे, तसा हा प्रकार आहे. नव्या घराचा आकार मात्र अगदीच वेगळा असू शकतो.

युरेनियमची बहुतेक रंगीत खनिजे दुय्यम आहेत. मार्टिन क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये युरेनियम ओळखले ते पिचब्लेंड या काळ्या, जड प्राथमिक खनिजात. पिचब्लेंडमधले युरेनियम बव्हंशी चतुर्मूल्य असते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण प्राणवायू घेऊन आलेले पाणी तेथे पोचले की युरेनियम षण्मूल्य होते आणि दोन ऑक्सिजन अणूंना कवेत घेऊन 'युरेनिल' या जोडगोळीच्या रूपाने पाण्यातून प्रवासाला निघते. वाटेत त्याला जो सोबती भेटेल त्याप्रमाणे खनिज ठरते. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले तर ऑट्युनाइट, तांबे आणि फॉस्फेट भेटले तर हिरवे टॉर्बर्नाइट, कॅल्शियम आणि सिलिकेट भेटले तर पिवळे युरेनोफेन. पोटॅशियमबरोबर व्हॅनाडियम भेटले तर कार्नोटाइट. हे पिवळे चूर्णासारखे खनिज १८९९ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोच्या नमुन्यांवरून प्रथम वर्णिले गेले आणि पुढे रेडियम, व्हॅनाडियम व युरेनियम या तिन्हींसाठी खणले गेले.

म्हणजे कोणतेही दुय्यम खनिज घडायला चार गोष्टी लागतात: देणारा खडक, वाहून नेणारे पाणी, वाटेत भेटणारा सोबती आणि स्फटिक वाढायला मोकळी जागा. यांपैकी एक जरी नसली तरी खनिज घडत नाही.

आपल्याकडे पहिलीच अडचण आहे. ग्रॅनाइटमध्ये दर दहा लाख भागांत साधारण तीन-चार भाग युरेनियम असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते एका भागाहूनही कमी असते. देणाराच गरीब. दौंडजवळून वाहणारी भीमा पुढे कर्नाटकात जाते, तेथे बेसाल्टचे आवरण संपते आणि खालचे जुने चुनखडक व ग्रॅनाइट उघडे पडतात. त्या भीमा खोऱ्यातल्या यादगीर जिल्ह्यात गोगी येथे एका भ्रंशालगत युरेनियमचा साठा सापडला आहे. खडक बदलला की खनिजांचे नशीबही बदलते, याचे हे उत्तम उदाहरण.

मात्र बेसाल्ट एका बाबतीत श्रीमंत आहे. त्यात दर दहा लाख भागांत सुमारे तीनशे भाग व्हॅनाडियम असते.

दोनदा सापडलेले मूलद्रव्य

व्हॅनाडियमचा इतिहास मोठा गमतीचा आहे. आंद्रेस मान्युएल देल रिओ हे मेक्सिकोतील खनिजशास्त्राचे अध्यापक. १८०१ मध्ये शिशाच्या एका तपकिरी खनिजात त्यांना नवे मूलद्रव्य आढळले. त्याच्या क्षारांचे नाना रंग पाहून त्यांनी त्याला सर्वरंगी अशा अर्थाचे नाव दिले. क्षार तापवल्यावर लाल होतात म्हणून पुढे ते बदलून लाल या अर्थाचे ठेवले. पण १८०५ मध्ये एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नमुना तपासून "हे तर क्रोमियमच" असा निर्वाळा दिला आणि देल रिओ यांनीही तो मानला. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रम यांना लोखंडाच्या खनिजातून तेच मूलद्रव्य पुन्हा मिळाले. त्यांनी त्याला व्हॅनाडिस या स्कँडिनेव्हियन सौंदर्यदेवतेचे नाव दिले. १८३१ मध्ये व्होलर यांनी दाखवून दिले, की देल रिओ यांचे मूलद्रव्य आणि व्हॅनाडियम ही दोन्ही एकच. तोवर नाव रूढ झाले होते.

हे रंग ज्यांना पाहायचे असतील त्यांनी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला प्रसिद्ध प्रयोग आठवावा. अमोनियम व्हॅनाडेटचे आम्लयुक्त द्रावण पिवळे असते. त्यात जस्ताचे तुकडे टाकले की पंचमूल्य व्हॅनाडियमचे टप्प्याटप्प्याने क्षपण होते. पिवळ्यातून निळा, निळ्यातून हिरवा आणि शेवटी जांभळा रंग येतो. यातला निळा टप्पा चतुर्मूल्य व्हॅनाडियमचा. त्या वेळी व्हॅनाडियमचा अणू एका ऑक्सिजनला घट्ट धरून असतो. या जोडीला 'व्हॅनाडिल' म्हणतात. (व्हॅनाडियमचे क्षार विषारी असल्याने हा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा.) परीक्षानळीत काही मिनिटे टिकणारा हा निळा टप्पा वाघोलीच्या खडकात स्फटिक होऊन कायमचा टिकून राहिला आहे.

ओरेगॉन ते वाघोली

कॅव्हन्साइटची पहिली ओळख भारतात झाली नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, ओवायही धरणाजवळ आणि गोबल गावाजवळ, १९६० च्या दशकात ज्वालामुखी खडकांच्या पोकळ्यांतून बारीक निळे स्फटिक मिळाले. स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी १९७३ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. नावात कविकल्पना काही नाही. कॅल्शियममधले 'कॅ', व्हॅनाडियममधले 'व्हॅन' आणि सिलिकेटमधले 'सि' एकत्र जोडून 'कॅव्हन्साइट' झाले. विद्यार्थ्याला नाव आठवले की रासायनिक घटकही आठवतात, अशी नावे खनिजशास्त्रात फार नाहीत.

त्याच निबंधात त्याच घटकांचे आणखी एक खनिज वर्णिले होते, पेंटागोनाइट. घटक तेच, प्रमाण तेच, पण अणूंची मांडणी निराळी. हिरा आणि ग्राफाइट यांचे जे नाते, तेच या दोघांचे. दोन्हींत सिलिका-चौफलकांची पापुद्र्यासारखी जाळी असते. कॅव्हन्साइटच्या जाळीत चार आणि आठ चौफलकांची कडी आहेत, पेंटागोनाइटच्या जाळीत सहांची. पेंटागोनाइटचे स्फटिक पाच-पाचच्या जुळ्यांत वाढून पंचकोनी चांदणीसारखे दिसतात, म्हणून त्याचे हे नाव.

ओरेगॉनचे स्फटिक अगदी लहान, भिंगातून पाहण्याचे. खनिज दुर्मिळ म्हणून नोंदले गेले आणि विषय तेथेच थांबला असता. पण १९७० च्या दशकात पुण्याच्या परिसरातून बाहेर गेलेल्या नमुन्यांवरही ते ओळखले गेले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतून जे नमुने येऊ लागले त्यांनी संग्राहकांना थक्क केले. पांढऱ्या स्टिल्बाइटच्या गालिच्यावर गर्द निळ्या सुयांचे गोंडे, काही एक सेंटीमीटरपेक्षाही मोठे. १९९१ मध्ये रुस्तम कोठावाला यांनी वाघोलीच्या या ठिकाणाविषयी 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला आणि वाघोलीचे नाव जगभरच्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर चढले. २००१ मध्ये के. बी. पवार आणि के. बायरप्पा यांनी वाघोलीच्या कॅव्हन्साइटचा क्षकिरण, उष्णता व अवरक्त किरण यांच्या साहाय्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. नंतर वाघोलीतच पेंटागोनाइटही मिळाले. ब्राझील आणि न्यूझीलंडमधूनही कॅव्हन्साइटची नोंद आहे. परंतु वाघोलीची सर त्यांना नाही.

पुण्याभोवतीच्या खडकांतील पोकळ्या अभ्यासकांना नव्या नव्हत्या. रेल्वेमार्ग, रस्ते आणि इमारतींच्या दगडासाठी डोंगर फोडताना झिओलाइट गटाची सुंदर खनिजे एकोणिसाव्या शतकापासून मिळत आली आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्रा. सुखेसवाला आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील या खनिजांचा आढावा प्रसिद्ध केला होता. म्हणजे जाणती माणसे होती, अभ्यास चालू होता. तरीही वाघोलीचा खजिना उघडला तो संशोधनासाठी खणल्यामुळे नव्हे, तर वाढत्या पुण्याला खडी हवी होती म्हणून.

निळा रंग कसा जमला?

आता मुख्य प्रश्न. बेसाल्ट तर पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि व्हॅनाडियम सर्वत्र आहे. मग कॅव्हन्साइट एवढे दुर्मिळ का?

आधी एक हिशेब करू. कॅव्हन्साइटच्या एका सूत्रात एक कॅल्शियम, एक व्हॅनाडिल, चार सिलिकॉन व दहा ऑक्सिजन यांचा सिलिकेट गट आणि चार पाण्याचे रेणू असतात. रेणुभार सुमारे ४५१. त्यात व्हॅनाडियमचा वाटा सुमारे ५१, म्हणजे ११.३ टक्के. बेसाल्टमध्ये व्हॅनाडियम ०.०३ टक्के. म्हणजे एक ग्रॅम कॅव्हन्साइटला लागणारे व्हॅनाडियम सुमारे ३७५ ग्रॅम बेसाल्टमध्ये असते. मुठीएवढा दगड. मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. कारण त्यातून कळते, की अडचण साठ्याची नाही. अडचण आहे ती सुटकेची.

बेसाल्टमधले व्हॅनाडियम बहुतांशी त्रिमूल्य असते आणि लोहाच्या जागी चुंबकीय ऑक्साइडांत व पायरोक्सिनमध्ये दडून बसलेले असते. पाण्याने ही खनिजे पोखरली की ते सुटते. पण आजूबाजूला प्राणवायू नसेल तर ते त्रिमूल्यच राहते आणि जवळच्या चिकणखनिजांत पुन्हा अडकते. प्राणवायू भरपूर असेल तर ते पंचमूल्य होऊन व्हॅनाडेटच्या रूपाने पाण्याबरोबर दूर निघून जाते. चतुर्मूल्य व्हॅनाडिल हवे असेल तर परिस्थिती या दोहोंच्या मधली, नेमकी हवी. शिवाय त्याच वेळी पाण्यात कॅल्शियम आणि सिलिका विपुल हवी, तापमान बेताचे हवे आणि समोर पोकळी रिकामी हवी.

वाघोलीत हे सारे जुळून आले. तेथे घट्ट बेसाल्टच्या खाली तुटक्या-फुटक्या लाव्हाचा, म्हणजे लाव्हाच्या मोडलेल्या सालपटांचा थर आहे. भूशास्त्रात त्याला ब्रेशिया म्हणतात. तुकड्यांमधल्या फटींतून पाणी खेळत राहिले. वरच्या घट्ट थराने त्याला झाकण घातले. प्रथम ह्यूलंडाइट, स्टिल्बाइट यांसारख्या झिओलाइटांनी पोकळ्यांच्या भिंती मढवल्या आणि बहुधा शेवटी शेवटी कॅव्हन्साइटचे गोंडे त्यांच्यावर बसले. काही नमुन्यांत निळ्या गोंड्यावर पुन्हा स्टिल्बाइट चढलेले दिसते. कोण आधी, कोण नंतर हे असे एकावर एक बसलेल्या थरांवरून वाचता येते. या गटातली खनिजे साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आत बनतात. म्हणजे हे तापलेल्या लाव्हाचे काम नव्हे, खडकात मुरलेल्या कोमट-गरम पाण्याचे काम.

काळाचाही विचार करावा. दख्खनचा लाव्हा मुख्यतः सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. पोकळ्यांतल्या अपोफिलाइट या खनिजाच्या किरणोत्सर्गी कालमापनावरून दिसते, की पोकळ्या भरण्याचे काम पुढे काही कोटी वर्षे टप्प्याटप्प्याने चालू होते. खडक एका काळाचा आणि त्याच्या पोटातले स्फटिक दुसऱ्या काळाचे. 'ज्वालामुखीचा दगड' म्हणून आपण जो हाती घेतो त्यात अग्नीइतकाच पाण्याचाही वाटा असतो.

युरेनोफेनशी तुलना केली की साम्य स्पष्ट होते. दोन्हींत कॅल्शियम, सिलिकेट आणि पाणी आहे. एकात युरेनिल, दुसऱ्यात व्हॅनाडिल. एक पिवळे, दुसरे निळे. एक ग्रॅनाइटच्या प्रदेशातले, दुसरे बेसाल्टमधले. फरक एवढाच महत्त्वाचा, की कॅव्हन्साइट किरणोत्सर्गी नाही. त्याचे काठिण्य मोजपट्टीवर तीन ते चार, म्हणजे पोलादी सुरीने सहज ओरखडा उठेल इतके. घनता पाण्याच्या सव्वादोनपट. सुया नाजूक असतात, बोट लागले तरी मोडतात. तापवल्यावर त्यातले पाणी टप्प्याटप्प्याने निघून जाते.

चिठ्ठी नसलेला दगड

आता या इतिहासाची दुसरी बाजू. वाघोलीच्या खाणींत सुरुंग लावून दगड फोडायचा आणि क्रशरमध्ये त्याची खडी करायची, हा मूळ धंदा. जो नमुना कुणाच्या नजरेस पडला तो वाचला; जो पडला नाही तो पुण्याच्या रस्त्यांत आणि इमारतींच्या काँक्रीटमध्ये गेला. पहिली नजर कोणाची? भूशास्त्रज्ञाची नव्हे, तर फोडलेला दगड हाताने उचलणाऱ्या खाणकामगाराची. निळा ठिपका ओळखून तो तुकडा बाजूला ठेवणाऱ्या या माणसांची नावे कोणत्याही निबंधात नाहीत. त्यांच्या मुलांसाठी 'संतुलन' या संस्थेने १९९० च्या दशकात खाणींवरच 'पाषाण शाळा' सुरू केल्या, ही गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या कपाटात असलेला दगड या मुलांच्या अंगणातून निघाला होता.

नमुने तर बाहेर गेले. पण कित्येकांच्या चिठ्ठीवर नुसते 'पूना, इंडिया' एवढेच लिहिलेले असते. कोणत्या गावचा, कोणत्या खाणीचा, जमिनीपासून किती खोल, घट्ट थरातला की तुटक्या थरातला, शेजारी कोणती खनिजे होती, यांपैकी काहीच नाही. असा नमुना शोभेला उत्तम, विज्ञानाला निम्मा. आपण वर जो चार अटींचा विचार केला तो केवळ स्फटिकाकडे पाहून करता येत नाही. त्याला स्फटिकाची जागा माहीत असावी लागते. खाण एकदा पाण्याने भरली किंवा बुजवून तिच्यावर इमारत उभी राहिली, की ती माहिती परत मिळत नाही. वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आली आहे आणि खाणींभोवती वस्ती वाढते आहे. तेव्हा ही काळजी कल्पनेतली नाही.

इथे शाळांना करण्याजोगे एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. वरवंडपासून शिरूरपर्यंतच्या गावांत दरवर्षी विहिरी खोल केल्या जातात, शेततळी खणली जातात, रस्त्यासाठी टेकड्या कापल्या जातात. दर वेळी खडकाचा एक नवा छेद काही दिवस उघडा असतो. अशा ढिगाऱ्यातला एक तुकडा वर्गात आणावा आणि त्याच्याबरोबर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: गाव व जागा, तारीख, किती फुटांवर मिळाला, खडकाचे स्थानिक नाव आणि शेजारी काय दिसले. स्थानिक नाव मुद्दाम लिहावे. 'मांजऱ्या' या एका शब्दात पोकळ्यांचा, पाणी धरणारा, खनिजांनी भरलेला खडक एवढी सगळी माहिती आहे. ती विहीर खणणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निरखून मिळवली आहे. चालू खाणीत किंवा उघड्या विहिरीत मुलांना नेऊ नये. बाहेर आलेला ढिगारा पुरेसा आहे. शक्य झाल्यास नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयाची सहल काढावी, म्हणजे आपल्याच पठाराच्या पोटात काय काय आहे ते एकत्र पाहता येईल.

या तुकड्यांत कॅव्हन्साइट मिळेलच असे नाही. बहुतेक वेळा स्टिल्बाइट, कॅल्साइट किंवा साधी गारच मिळेल. पण दहा वर्षे एखाद्या शाळेने अशी कार्डे जपून ठेवली, तर त्या परिसरात कोणत्या खोलीवर कोणता थर आहे, पोकळ्यांचा खडक कोठे आहे आणि म्हणून पाणी कोठे मुरते, याचा नकाशा त्या कार्डांतून तयार होईल. अवर्षणाच्या टापूत त्याची किंमत निळ्या स्फटिकापेक्षा कमी नाही.